भिडस्त माणसाची झोळी

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळाच. पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, त्यांच्या नावाने ओळखले जाणारे नगर आहे. त्यांनी स्थापन केलेले विद्यापीठ मुंबईत आज शंभरी ओलांडून उभे आहे. एवढ्या मोठ्या नावाखाली माणूस मात्र झाकला जातो. कर्वे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढरी दाढी, शंभर वर्षांचे आयुष्य आणि भारतरत्नाचा सन्मान उभा राहतो. त्या चित्रात मुरुडच्या त्या लाजऱ्या, किरकोळ अंगाच्या, चारचौघांत तोंड उघडताना घसा कोरडा पडणाऱ्या मुलाला जागाच उरत नाही. वस्तुतः अण्णांचे सारे चरित्र समजून घ्यायचे तर त्या मुलापासूनच आरंभ केला पाहिजे. कारण तो मुलगा त्यांना आयुष्यभर सोडून गेला नाही.

मनुष्य स्वतःविषयी काही समजुती बाळगून असतो. त्या त्याने विचार करून ठरविलेल्या नसतात. आईच्या बोलण्यातून, गावाच्या नजरेतून, एखाद्या अपमानातून त्या नकळत अंगात मुरतात, आणि मग उठण्याबसण्यात, चालण्याबोलण्यात, खर्चात आणि काटकसरीत त्या दिसू लागतात. अण्णांच्या ठायी अशा दोन समजुती फार खोल रुजलेल्या होत्या. आपण बुद्धीने बेताचे, बोलण्यात कच्चे आणि स्वभावाने भिडस्त आहोत, ही एक. आणि आपण दुसऱ्यापुढे हात पसरणाऱ्यांपैकी नव्हे, ही दुसरी. या दोन्ही समजुती उराशी बाळगणाऱ्या माणसाने पुढे अर्धशतकाहून अधिक काळ लोकांच्या दारोदार जाऊन वर्गणी मागितली. हे कसे घडले, तेच येथे सांगायचे आहे.

१८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात, शेरवली या आजोळच्या गावी धोंडूचा जन्म झाला. घर दापोली तालुक्यातील मुरुडचे. कर्व्यांच्या घराण्याने पूर्वी बरे दिवस पाहिले होते. परंतु धोंडूच्या वडिलांच्या, केशवपंतांच्या, वाट्याला तुटपुंज्या पगाराची कारकुनी आली. ऐश्वर्य गेले तरी त्याची आठवण घरात शिल्लक होती, आणि ती राखण्याचे काम आईकडे, लक्ष्मीबाईंकडे, होते. बडोद्याच्या गायकवाडांकडून ब्राह्मणांना दक्षिणा मिळणार असल्याची वार्ता एकदा मुलांच्या कानी आली. घरी पैशांची चणचण होती, तेव्हा आपणही जावे, असे मुलांच्या मनाने घेतले. आईने त्यांना थांबविले. याच घराण्यातील एका विद्वान पूर्वजाने गायकवाडांची दक्षिणा नाकारली होती, याचे तिने त्यांना स्मरण दिले. पैसे आले असते तर काही दिवसांत संपले असते. ते आले नाहीत, परंतु आपण घेणारे नव्हे ही समजूत मात्र त्या दिवशी धोंडूच्या मनात जी बसली ती बसलीच. कोकणातील दरिद्री परंतु मानी घरांतून अशी संपत्ती मुलांना वारशाने मिळत असे. तिचा उपयोग होतो तसाच तिचा काचही होतो, हे अण्णांच्या पुढील आयुष्यात दिसते.

गावी सोमण गुरुजी नावाचे शिक्षक होते. सार्वजनिक कामाची गोडी धोंडूला त्यांच्यामुळे लागली. त्यांच्याच सांगण्यावरून तो दुर्गादेवीच्या देवळात जमलेल्या मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. लाजऱ्या मुलाच्या दृष्टीने हे सोयीचे काम. चारचौघांपुढे उभे तर राहायचे, परंतु शब्द दुसऱ्याचे; आपल्या मनचे काही बोलायचे नाही. भाषण आणि वाचन यांतील हा फरक अण्णांनी पुढेही ओळखून ठेवलेला दिसतो.

१८७५ च्या सुमारास सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी साताऱ्यास जाण्याचा प्रसंग आला. ती हकीकत आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी वाचली असेल. पावसाळ्यामुळे समुद्रमार्ग बंद होता. मुरुडहून सातारा शंभराहून अधिक मैल. धोंडू आणि त्याचे सोबती भर पावसात, सह्याद्रीचे घाट चढून, पायी साताऱ्यास पोहोचले. परीक्षेस बसण्यासाठी सतरा वर्षे पुरी असणे आवश्यक होते. धोंडूचे वय भरत होते आणि तसा दाखलाही त्याच्यापाशी होता. परंतु परीक्षकांना तो अंगलटीने लहान दिसला, आणि केवळ दिसण्यावरून त्यांनी त्याला परत पाठविले. दुसरा एखादा मुलगा भांडला असता, निदान दाखला पुढे करून अडून तरी बसला असता. धोंडूच्या तोंडून शब्द फुटला नाही. तो खाली मान घालून बाहेर आला आणि आल्या वाटेने घरी परतला. पुढे ती परीक्षा तो उत्तीर्ण झाला. ही गोष्ट चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगण्याची रीत आहे, आणि त्यात चूक काही नाही. परंतु मला तिच्यात दुसरेही काही दिसते. शंभर मैल चालण्याचे धैर्य ज्याच्या पायांत होते, त्याच्या जिभेत एक वाक्य बोलण्याचे नव्हते. पाय आणि जीभ यांच्यातील हे अंतर अण्णांनी कधी भरून काढले नाही. त्यांनी पायांनाच कामाला लावले.

पुढील वर्षे कष्टाची आहेत आणि कोणाही गरीब विद्यार्थ्याच्या चरित्रात शोभतील अशी आहेत. मुंबईस रॉबर्ट मनी शाळेतून वयाच्या तेविसाव्या वर्षी, १८८१ साली, मॅट्रिक. १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित घेऊन बी. ए. शिकत असताना आणि त्यानंतरही पोट भरले ते शिकवण्या करून. रिवाजाप्रमाणे लग्न आधीच झालेले होते. वर चौदा वर्षांचा आणि वधू राधाबाई आठ वर्षांची. १८८२ साली रघुनाथ हा मुलगा झाला. हेच पुढे समाजस्वास्थ्यकार र. धों. कर्वे म्हणून ओळखले गेले. मुंबईच्या त्या ओढगस्तीच्या दिवसांतही मिळकतीचा ठराविक अंश बाजूला काढून ठेवावयाचा आणि तो लोकांच्या कामी लावावयाचा, हा शिरस्ता अण्णांनी घालून घेतला होता. मुरुडच्या शाळेसाठी, मुरुडबाहेर नोकरीधंद्यास लागलेल्या गावकऱ्यांकडून थोडा थोडा पैसा जमविण्यासाठी त्यांनी मुरुड फंड काढला. परगावी राहणाऱ्यांनी गावाचे देणे विसरू नये, ही त्यामागील भावना आपल्यासारख्या दूरदेशी राहणाऱ्या मंडळींना वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

१८९१ साली राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून अण्णा पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविण्यास आले. टिळकांनी संस्था सोडल्यानंतर रिकामी झालेली ही जागा. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होऊन पाऊणशे रुपयांच्या घरातील वेतनावर वीस वर्षे सेवा करावयाची, अशी ती प्रतिज्ञा होती.

विधुर प्राध्यापकाला मुली सांगून येणे साहजिक होते. तेहतीस-चौतीस वर्षांच्या विधुराने दहा-बारा वर्षांची कुमारिका आणावी, यात त्या काळी कोणासही वावगे वाटत नसे. अण्णांनी मात्र लग्न करायचे तर विधवेशीच, असे मनाशी ठरविले होते. त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षाच्या सुमारास लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेली होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील ती पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला आणि गोदूबाई आनंदीबाई झाल्या. पुढे सारे जण त्यांना बाया म्हणू लागले.

मुरुडने बहिष्कार घातला. अण्णांना कोणी आपल्यात बसू देऊ नये, आणि त्यांच्या घरच्यांनी त्यांना थारा दिल्यास घरच्यांनाही वाळीत टाकावे, असे गावाने ठरविले. ज्या देवळात हा मुलगा गावाला वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे, तेच हे गाव. आई आणि भाऊ यांच्या घरात अण्णांना मोकळेपणाने पाय ठेवता येईना. आईची घालमेल काय झाली असेल, ती कल्पनाच करावी. येथेही अण्णांनी कोणाशी वाद घातला नाही, वर्तमानपत्रांतून गावाचे वाभाडे काढले नाहीत. त्यांनी गावाच्या शाळेची काळजी वाहणे तसेच चालू ठेवले.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. दोन वर्षांतच तिचे नाव पालटून विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी असे ठेवण्यात आले. नावातील हा बदल वाचकांनी जरा थांबून पाहावा. उत्तेजन देणे म्हणजे लोकांना पुढे हो म्हणून सांगणे. प्रतिबंध दूर करणे म्हणजे, जो आपण होऊन येईल त्याच्या वाटेतील काटे उचलणे. हे दुसरे काम अण्णांच्या स्वभावाला जुळणारे होते. आपल्या बोलण्याने कोणाचे मन पालटेल, हा विश्वास त्यांना स्वतःविषयी नव्हता. वाटेतील काटे मात्र आपल्याला उचलता येतील, एवढी खात्री होती. आगरकरांसारखा तेजस्वी लेखणीचा पुरुष तेव्हा पुण्यातच होता. त्यांच्या शेजारी उभे राहून अण्णांनी स्वतःला मोजले असेल, तर ते निराश व्हायला हवे होते. ते निराश झाले नाहीत. त्यांनी निराळे काम शोधले.

१८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली. स्वतःजवळची शिल्लक अण्णांनी तिला देऊन टाकली. पुण्यात प्लेगने धुमाकूळ घातला तेव्हा, १९०० साली, आश्रम शहराबाहेर हिंगण्यास नेण्यात आला. एका दात्याने दिलेल्या सहा एकर जमिनीवर एक झोपडी बांधण्यात आली. तेथे ना रस्ता, ना दिवा. दिवसभर महाविद्यालयात गणित शिकवून झाले की अण्णा संध्याकाळी सुमारे चार मैल चालत हिंगण्यास जात. पावसाळ्यात वाट चिखलाने भरून जाई. आश्रमाला लागणारे सामान बहुधा त्यांच्या खांद्यावर असे. तेथे मुलींना शिकवायचे आणि सकाळी पुन्हा पुण्याची वाट धरायची. साताऱ्याची वाट तुडविणारे पाय ते हेच.

आता त्या झोपडीत आलेल्या मुलींविषयी. अण्णांचे खरे काम कोणते होते, ते त्यांच्याकडे पाहिल्याखेरीज कळत नाही. आश्रमात येणारी मुलगी पंधरा-वीस वर्षांची असे. केशवपन झालेले, अंगावर आलवण. शुभकार्याच्या दिवशी घरातील मागच्या खोलीत बसायचे, सकाळी कोणी कामास निघाला असेल तर त्याच्यासमोर यायचे नाही, एकवेळ जेवायचे, हसायचे नाही. हे तिला आता कोणी सांगावे लागत नसे. आपण अवलक्षणी आहोत, आपल्या पायगुणाने माणूस मेले, असे लोक म्हणत होते ते एक वेळ सोसता येते. परंतु तिला स्वतःलाच ते खरे वाटत होते. ती आपण होऊन बाजूला सरत असे. वाट आडवी जाऊ नये म्हणून भिंतीशी थांबणारी ती मुलगी कोणाच्या धाकाने थांबत नव्हती. कायद्याने तिला पुनर्विवाहाची मोकळीक १८५६ सालीच मिळाली होती. परंतु कायदा त्या भिंतीपर्यंत पोहोचत नव्हता.

अशा मुलीला तू अशुभ नाहीस म्हणून कितीही व्याख्याने दिली, तरी तिच्या कानांवरून ती वाहून जावयाची. अण्णांनी ती दिलीच नाहीत. त्यांनी तिला पाटी दिली. हिशेब दिला. स्वयंपाकाची पाळी दिली, धाकट्या मुलींना शिकविण्याचे काम दिले. रोज सकाळी तिच्या हातून काही होऊ लागले, आणि ते बिघडत नाही हे तिला दिसू लागले. ज्या हातांनी काही शुभ होत नाही असे ती मानीत होती, त्याच हातांनी लिहिलेले उत्तर बरोबर येत होते. अण्णा गणिताचे शिक्षक होते, याला या ठिकाणी काही अर्थ आहे असे मला वाटते. गणितात उत्तर बरोबर आले की ते कोणाच्या पायगुणावर अवलंबून राहत नाही.

पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण तर डोळ्यांत भरण्यासारखे. बायांची ही बहीण तरुणपणीच एका मुलासह विधवा झाली. अक्षरओळख यथातथाच. पार्वतीबाई आश्रमात आल्या, शिकल्या आणि आश्रमाच्या कामाला लागल्या. त्या पुष्कळ वर्षे विधवेच्या जुन्याच वेषात वावरल्या. तो त्यांनी पुढे आपल्या मनाने सोडला, कोणी सोडविला नाही. सभेत बोलण्याची त्यांनाही आरंभी धास्तीच होती. पुढे त्याच पार्वतीबाई आश्रमासाठी व्याख्याने देत आणि निधी जमवीत गावोगाव हिंडल्या. इतकेच नव्हे तर पन्नाशीला टेकल्या असताना, १९१८ साली, इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या आणि तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. देवरुखच्या बाजूची एक सोवळी विधवा न्यूयॉर्कसारख्या शहरांतून पोटापुरते मिळवीत इंग्रजी शिकते, हे आजही आपल्याला नवलाचे वाटते. आपल्यातील ज्या भगिनी पहिल्यांदा परप्रांती आल्या तेव्हा बाजारात भाजी मागण्यापुरतीही तेथील भाषा जाणत नव्हत्या, त्यांना पार्वतीबाईंच्या धैर्याचे मोल अधिक कळेल.

आता अण्णांच्या झोळीकडे वळतो. आश्रम चालवायचा तर पैसा हवा, आणि पैसा मागितल्यावाचून मिळत नाही. ज्या आईने गायकवाडांची दक्षिणा घेऊ दिली नाही, तिच्या मुलावर ही पाळी आली. मागायला जाणे त्यांना जन्मभर जड गेले असावे. वर्गणी मागण्यास गेलेल्या कार्यकर्त्याला दारात उभे करून घरात चाललेली कुजबूज ऐकू येते, हा अनुभव आपल्या मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्यांना अपरिचित नसेल. अण्णा तर तोंड उघडण्यासच भिणारे. परंतु येथे त्यांच्या दोन समजुतींनी एकमेकींना कसे आवरले ते पाहण्यासारखे आहे. आपण घेणारे नव्हे, या समजुतीमुळे त्यांनी मागण्यापूर्वी स्वतःचे देऊन टाकण्याचा नियम पाळला. आपल्या विम्याची पाच हजारांची पॉलिसी त्यांनी आश्रमाच्या नावे करून दिली. मग जे मागायचे ते आपल्यासाठी उरतच नव्हते. आणि आपल्याला बोलता येत नाही, या समजुतीमुळे त्यांनी बोलून मन वळविण्याचा नाद सोडला. हिशेब पुढे ठेवायचा, संस्था काय करते ते चार शब्दांत सांगायचे, जे मिळेल ते घ्यायचे, नाही मिळाले तर नमस्कार करून पुढच्या घरी जायचे. एक आणाही नाकारायचा नाही आणि त्याचीही नोंद ठेवायची. वक्ता लोकांना भारून मोठी देणगी मिळवितो. पण ती भारलेली घटका सरली की पुढील वर्षी त्याला पुन्हा भारावे लागते. अण्णांच्या थोड्या थोड्या वर्गण्या वर्षानुवर्षे येत राहिल्या. हिंगण्याच्या संस्थेसाठी दिवाळीत भाऊबिजेची ओवाळणी गोळा करण्याची पद्धत पुढे पडली, तीही याच वळणाची. बहिणीला घालायचे तेवढेच, पण दरवर्षी.

हे सारे वाचताना एक गोष्ट झाकून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. स्वतःला कामाचे केवळ साधन मानणारा मनुष्य घरच्या माणसांनाही तसेच मानू लागतो. विम्याची पॉलिसी आश्रमाला गेली तेव्हा बायांच्या पदरी लहान मुले होती. पती दिवसभर महाविद्यालयात आणि रात्री हिंगण्यास. उद्या काही बरेवाईट झाले तर या मुलांनी कोठे जावे, ही त्यांची चिंता कोणत्याही संसारी स्त्रीची होती. त्यांनी ती बोलूनही दाखविली. भिडस्तपणा हा त्यांच्या स्वभावात नव्हता. पुढे त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या, त्या ‘माझे पुराण’ या नावाने प्रसिद्ध आहेत. अण्णांच्या चरित्रास त्या पुस्तकाइतका रोखठोक पूरक ग्रंथ दुसरा नाही.

याहून कठीण गोष्ट पुढेच आहे. आश्रमाला साहाय्य करणाऱ्यांपैकी पुष्कळांना विधवांचे शिक्षण मान्य होते, पुनर्विवाह नव्हे. आश्रम म्हणजे पुनर्विवाह जुळविण्याचे ठिकाण, असा बोभाटा झाला असता तर आईबापांनी मुली पाठविल्या नसत्या. तेव्हा अण्णांनी पुनर्विवाहाचा प्रचार आश्रमापासून कटाक्षाने दूर ठेवला. त्याचा परिणाम असा की, पुनर्विवाह केलेल्या बायांनाच त्या आश्रमात मोकळेपणाने मिसळता येईना. तेथे त्यांची पंगतही वेगळी. पतीने ज्या विधवांसाठी आयुष्य वाहिले, त्यांच्यातच पत्नी परकी. विधवा म्हणून एकदा बाजूला बसलेल्या या स्त्रीला पुनर्विवाहिता म्हणून दुसऱ्यांदा बाजूला बसावे लागले. संस्थेच्या हिताची दृष्टी ठेवली तर अण्णांचा निर्णय शहाणपणाचा होता, असे म्हणता येते. परंतु बायांवर तो अन्याय होता, हे म्हटल्यावाचूनही राहवत नाही. ज्या माणसाला वाद नकोच असतो, त्याने टाळलेला वाद बहुधा जवळच्या कोणाच्या तरी अंगावर जाऊन पडतो. गावाच्या बहिष्कारापुढे मौन पाळणे शोभून दिसले. साहाय्यकांच्या सोवळ्यापुढेही अण्णांनी मौनच पाळले. अण्णांनी त्या वेळी बायांसाठी एकदा तरी आवाज चढवायला हवा होता, असे माझे मत आहे.

बायांनी मात्र स्वतःला बाजूला सरकणारी मानले नाही. त्या नागपुरास जाऊन सुईणपणाचे शिक्षण घेऊन आल्या, मिळवू लागल्या, परक्या मुलांना घरी ठेवून घेऊन त्यांचे संगोपन केले, आणि स्वतःही आश्रमासाठी पैसा गोळा करीत हिंडल्या. शंकर, दिनकर आणि भास्कर ही त्यांची मुले. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले, दिनकरराव पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, भास्करराव हिंगण्याच्या कामात राहिले. विदुषी इरावतीबाई या दिनकररावांच्या पत्नी. असे घर उभे राहिले, त्यातील बायांचा वाटा अण्णांच्या नावाच्या प्रकाशात फारसा दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहिला.

१९०७ साली महिला विद्यालय, १९०८ साली निष्काम कर्म मठ, अशी एकेक पायरी अण्णा चढत गेले. १९१४ साली फर्ग्युसनची सेवा संपली. पुढील वर्षी मुंबईस राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषण करणे आता भागच होते. काय बोलावे, या विवंचनेत असताना त्यांना एक जुनी पुस्तिका आठवली. काशीचे शिवप्रसाद गुप्त यांनी जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती असलेली ती पुस्तिका त्यांना पाठविली होती. ती तशीच पडून राहिली होती. ती वाचून त्यांच्या मनात भारतातील महिला विद्यापीठाची कल्पना आकारास आली. महाराष्ट्राबाहेरच्या एका गृहस्थाने पाठविलेल्या टपालातून हे घडले. १९१६ साली विद्यापीठ सुरू झाले ते मोजक्याच विद्यार्थिनींवर. शिक्षण स्वभाषेतून, आणि अभ्यासक्रम स्त्रियांच्या गरजा पाहून आखलेला. यावर तेव्हाही टीका झाली आणि ती सगळीच अनाठायी नव्हती; स्त्रियांचा अभ्यासक्रम निराळा का असावा, हा प्रश्न उरतोच. अण्णांनी टीकाकारांना उत्तरे देण्यात वेळ घालविला नाही. ते आगगाडीच्या तिसऱ्या वर्गात बसून भारतभर निघाले. पुढे १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठास मिळाले.

या प्रवासांत त्यांना आधार असे तो परप्रांतांतील मराठी मंडळींचा. परक्या शहरात उतरावयाचे ते कोणा मराठी वकिलाच्या, शिक्षकाच्या, रेल्वेतील कारकुनाच्या घरी. त्याच्या ओळखीने आणखी चार घरे गाठायची. आपल्यासारखी मंडळे तेव्हा नुकती कोठे कोठे मूळ धरत होती. विद्यापीठाच्या इतिहासात ठाकरसींच्या पंधरा लाखांचे मोल मोठेच आहे. पण त्याआधीची चार वर्षे ज्या लहान रकमांवर निघाली, त्यांतील काही अशा घरांतून आल्या, हेही ध्यानात ठेवावे.

१९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, अण्णा जगाच्या प्रवासास निघाले. युरोपात परिषदा झाल्या, बर्लिनमध्ये आइन्स्टाइनची भेट झाली, अमेरिका झाली, आणि जपानमध्ये, ज्या विद्यापीठाची पुस्तिका काशीहून आली होती, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. नंतर आफ्रिकेचा दौरा केला. इंग्रजी वक्तृत्वाचे अंग त्यांना तेव्हाही नव्हते. पण लोक ऐकत. कारण बोलणाऱ्याला आपले वक्तृत्व दाखवायचे नाही, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते.

विद्यापीठ मुंबईस गेले आणि अण्णा पुन्हा मोकळे झाले. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. जेथे शाळा नाही अशा लहान खेड्यांत शाळा काढायच्या, हा उद्देश. पेन्शनचा काही भाग त्यात घातला आणि वर्गणीसाठी पुण्याच्या पेठांतून पुन्हा पायी फिरू लागले. त्या वयाच्या म्हाताऱ्याला दारात पाहून लोक संकोचत. संकोच आता मागणाऱ्याच्या बाजूकडून देणाऱ्याच्या बाजूला गेला होता. १९४४ साली जातिभेदाविरुद्ध समता संघ स्थापन केला, तेव्हा त्यांचे वय शहाऐंशी होते. दरम्यान १९४२ साली काशीच्या हिंदू विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. पुढे अशा पदव्यांची रांगच लागली.

बाया १९५० साली गेल्या. अण्णांच्या मागे त्यांनी पाऊणशे रुपयांत संसार ओढला. सन्मानांचा मोठा पाऊस पडण्यापूर्वीच त्या निघून गेल्या. १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न आले. त्या शताब्दीनिमित्त सरकारने त्यांचे चित्र असलेले टपालाचे तिकीट काढले. हयात भारतीय व्यक्तीचे चित्र भारताच्या तिकिटावर येण्याची ती पहिलीच वेळ. मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर पंडित नेहरूंच्या उपस्थितीत मोठा समारंभ झाला. वयापेक्षा लहान दिसतो म्हणून साताऱ्याहून परत पाठविलेला मुलगा त्या दिवशी शंभर वर्षांचा होता.

९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात अण्णांचे देहावसान झाले. हिंगण्याच्या माळावर आता गर्दीचे उपनगर वसले आहे, आणि संस्थेच्या आवारात मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. त्या इमारतींच्या मधोमध ती पहिली झोपडी अद्याप जपून ठेवलेली आहे. पुण्यास जाणे झाले तर ती अवश्य पाहावी, आणि जमल्यास डेक्कनपासून तेथपर्यंत चालत जावे.